जुने गोवे ते दिवाडी फेरीबोट: भरती-ओहोटी बघून निघा

दिवाडी बेटावर जायला तीन फेरीबोटी आहेत: जुने गोवे, रायबंदर आणि डिचोलीच्या बाजूची नार्वे. बेट पहिल्यांदाच बघायचं असेल तर जुने गोवेचीच धरावी. व्हाइसरॉय कमानीतून खाली उतरलं की समोर धक्का. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, मांडवी ओलांडायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

सेवा चांगली, धक्का मात्र बेताचा. ओहोटीला उताराचा खालचा, शेवाळ धरलेला भाग उघडा पडतो. दुचाकी तिथेच घसरते, म्हणून मागे बसलेल्याने आधीच उतरावं. गाडी पहिल्या गियरमध्ये, पुढचा ब्रेक न दाबता न्यावी. बुटक्या मोटारीचा बंपर बोटीची फळी आणि उतार जिथे मिळतात तिथे घासतो, तेव्हा शक्यतो भरतीची वेळ धरा. बोटीवर हँडब्रेक ओढलेला आणि गाडी गियरमध्ये हवी. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बेटावरच्या पिएदाद गावाचा बोंदेरा, म्हणजे झेंड्यांचा उत्सव, असतो. त्या दिवशी मोटार नेऊच नये.

या फेरीचं खरं मोल पलीकडे उतरल्यावर कळतं. रस्ता दोन्ही बाजूंच्या खाजन शेतांमधून जातो आणि घरं फारशी दिसत नाहीत, कारण ही जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. नदी बाहेर थोपवून धरलीय ती मातीच्या बांधाने आणि बांधातल्या मानसाने, म्हणजे पाण्याच्या दाराने. मानसाजवळ थांबाच. लाकडी दारं अशी बसवलेली असतात की भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की ती आपोआप मिटतात; ओहोटीला आतलं साचलेलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. दाराच्या कडेला चिकटलेले शिंपले वेळेवर खरवडले नाहीत किंवा फळी कुजली, की फट राहते आणि खारं पाणी आत झिरपतं. खेकड्यांच्या बिळांनी बांध पोखरला आणि मोठ्या उधाणाला फुटला, तर मीठ जमिनीत बसतं; एका पावसाळ्यात ते धुऊन जात नाही. खाजनात कोरगूट भात लावतात ते ते थोडं खारेपण सोसतं म्हणूनच, आणि तेही पहिल्या पावसाने मीठ उतरल्यावर. पूर्वी हा बांध गावकरी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, सांभाळायची. आज जिथे दुर्लक्ष झालंय तिथे पडीक शेतात कांदळ उगवलेली दिसते, आणि ते बघून जीव तुटतो.

मग चढ लागतो आणि पिएदादची घरं सुरू होतात. पायाखाली जांभा. तोच कापून चिरे काढले, त्याच टेकडीत मुरलेलं पावसाचं पाणी विहिरींना गोडं लागलं, आणि नदीचं उधाण इथवर येत नाही. सुपीक सपाटी भाताला सोडून माणसं उंचावर राहिली. वरच्या चर्चच्या आवारातून हे सगळं एका नजरेत दिसतं: खाली हिरवी खाजनं, कडेला बांधाची रेघ, पलीकडे मांडवी.

जुलैअखेर ते सप्टेंबर हा काळ उत्तम. वेळ असेल तर परत न फिरता उत्तरेच्या फेरीने नार्वेला उतरावं. दिवाडीचा सप्तकोटेश्वर पोर्तुगीज काळात याच पाण्यापलीकडे नेला गेला आणि शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. शेवटच्या फेरीची वेळ मात्र जातानाच धक्क्यावर विचारून ठेवा.