कॉम्फ्रेच्या मुळांचे तुकडे: माल ठीक, जागेचा सल्ला मात्र अपुरा

कॉम्फ्रे हे पाल्याचं खत आणि आच्छादन करण्यासाठी लावतात ते झाड. त्याच्या बॉकिंग १४ जातीची मुळं लागणीसाठी पार्सलने मिळतात. बोटाएवढी जाड, कापल्यावर आत पांढरी असली तर घ्या. आतूनही काळी, लिबलिबीत असली तर परत पाठवा. ही जात बी धरत नाही, त्यामुळे ‘बॉकिंग १४चं बी’ म्हणून कुणी विकत असेल तर ती वेगळी जात समजावी.

पाकिटावर ‘कुठेही लावा’ असं छापलंय, ते चूक. हे झाड एकदा बसलं की वर्षानुवर्षं हलत नाही. मूळ खोल जातं आणि खणताना राहिलेला प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो. म्हणून भाजीच्या वाफ्यात किंवा रोटाव्हेटर फिरतो तिथे नकोच. परड्याची कड, कंपोस्टच्या खड्ड्याशेजारी, सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली, ही खरी जागा. बेळगावच्या खानापूरकडच्या पावसात सपाट जमिनीवर मूळ कुजतं. तिथे वीतभर उंच गादीवाफा हवा. निपाणीच्या काळ्या रानात चर काढून पाणी बाहेर घालवा. लागण पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर: तुकडा आडवा, ५ ते ७ सेंमी खोल, दोन झाडांत ६० ते ९० सेंमी अंतर, खाली भरपूर शेणखत. पहिल्या वर्षी पाला कापायचा मोह आवरा, नाहीतर मूळ भरत नाही.

पाकिटावर ‘औषधी’ लिहिलंय, पण पाला किंवा मूळ पोटात घेऊ नका. त्यातली अल्कलॉइड्स ही रसायनं यकृताला घातक असतात. पाला खतासाठी आणि आच्छादनासाठीच वापरा.