प्राचीन लोकसंख्येचा माग: कार्बन-14 तारखा की घरांची मोजणी?

माणसे जितकी जास्त, तितका त्यांच्या चुलींतला कोळसाही जास्त, आणि म्हणून एखाद्या प्रदेशातील रेडिओकार्बन तारखांच्या (कोळशासारख्या अवशेषांतील कार्बन-14 मोजून काढलेल्या काळाच्या) संख्येवरून लोकसंख्येचा चढउतार ताडता येतो, असा विचार पुरातत्त्वज्ञ जॉन रिक यांनी 1987 मध्ये पेरूच्या संदर्भात मांडला. विस्तीर्ण प्रदेश आणि हजारो वर्षांचा पट हाताळायचा असेल, तर ही पद्धत निश्चितच सरस आहे. मात्र कोणत्या थराची तारीख काढायची हे उत्खनकाचे प्रश्न आणि उपलब्ध निधी ठरवतात. शिवाय इ.स.पू. 800 ते 400 या काळात कॅलिब्रेशनचा (मोजलेले कार्बन-वय कॅलेंडर वर्षांत बदलण्याचा) आलेख जवळजवळ सपाट होतो आणि एकेक तारीख काही शतकांवर पसरते.

पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठचे प्राचीन गाव इनामगाव नेमके याच टप्प्यात, इ.स.पू. 700 च्या सुमारास ओस पडले. तिथे मला घरांची मोजणीच अधिक विश्वासार्ह वाटते, कारण पूर्व जोर्वे काळातील (जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या आधीच्या टप्प्यातील) ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी उत्तर जोर्वे काळात लहान गोल झोपड्या आल्या, हे घरांतल्या जमिनींच्या अवशेषांवरून थेट दिसते. अर्थात झोपड्या वाढल्या म्हणजे माणसे वाढली असे नव्हे (एकाच कुटुंबाच्या दोन-तीन झोपड्याही असू शकतात), आणि एका गावावरून साऱ्या दख्खनचा हिशेब मांडणे धाडसाचे ठरेल.