फ्रँकफर्टमार्गे की ॲमस्टरडॅममार्गे? लांबच्या प्रवासात स्टेटसचे पॉइंट कुठे साठवावेत

मुंबईहून अमेरिकेला वर्षातून दोन-तीनदा जाणं-येणं असेल आणि मधला थांबा युरोपात घ्यायचा असेल, तर तिकिटांचे भाव बहुधा एकमेकांच्या जवळपासच असतात. मग प्रश्न उरतो पॉइंट कुठे जमा करायचे याचा. नेहमीच्या प्रवाशांसाठीच्या योजना दोन: लुफ्तान्सा, स्विसच्या माइल्स अँड मोअरमध्ये, की एअर फ्रान्स, केएलएमच्या फ्लाइंग ब्लूमध्ये? दोन्हीकडे खर्चायचे माइल्स वेगळे आणि स्टेटसचे पॉइंट वेगळे. इथे फक्त स्टेटसच्या, म्हणजे नेहमीच्या प्रवाशाला मिळणाऱ्या वरच्या दर्जाच्या, पॉइंटबद्दल बोलू. लाउंज, जादा बॅग, चेक-इनची वेगळी रांग हे सगळं त्यांच्यावरच ठरतं, आणि एवढ्या लांबच्या प्रवासात या गोष्टी किती लागतात हे वेगळं सांगायला नको.

माइल्स अँड मोअरने १ जानेवारी २०२४ पासून अंतर बघणं सोडून दिलं. आता एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणाऱ्या प्रत्येक टप्प्याला, म्हणजे एका विमानाच्या प्रवासाला, ठरावीक पॉइंट मिळतात: इकॉनॉमीला १५, प्रीमियम इकॉनॉमीला २०, बिझनेसला ५०, फर्स्टला ७०. युरोपातल्या युरोपात इकॉनॉमीला ५ आणि बिझनेसला १०. फ्रिक्वेंट ट्रॅव्हलर ही स्टेटसची पहिली पायरी गाठायला ६५० पॉइंट लागतात, त्यावरची सेनेटर गाठायला २०००. यातले निम्मे, म्हणजे अनुक्रमे ३२५ आणि १०००, क्वालिफाइंग पॉइंट असावे लागतात. ते लुफ्तान्सा गटाच्या आणि माइल्स अँड मोअरमध्ये सामील असलेल्या मोजक्या कंपन्यांच्या विमानांवरच मिळतात. एअर इंडियाने फ्रँकफर्टला गेलात तर ती लुफ्तान्सासारखीच स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात असल्यामुळे पॉइंट पडतील, पण क्वालिफाइंगच्या रकान्यात काही भर पडणार नाही. निम्म्या प्रवासासाठी एअर इंडिया धरणाऱ्यांनी हे आधीच बघून ठेवावं.

हिशेब सोपा आहे, पण त्यात अंतराला किंमत नाही. मुंबई ते फ्रँकफर्ट चार हजार मैलांच्या थोडं वर, फ्रँकफर्ट ते सॅन फ्रान्सिस्को साडेपाच हजारांच्याही पुढे. इकॉनॉमीत दोन्हीला १५च.

फ्लाइंग ब्लूमध्ये अंतर आणि केबिन दोन्ही मोजतात, आणि पॉइंटला एक्सपी म्हणतात. इकॉनॉमीचे आकडे असे: देशांतर्गत टप्प्याला २, दोन हजार मैलांच्या आतल्या टप्प्याला ५, दोन ते साडेतीन हजार मैलांना ८, साडेतीन ते पाच हजारांना १०, त्यापुढे १२. प्रीमियम इकॉनॉमीला याच्या दुप्पट, बिझनेसला तिप्पट, फर्स्टला पाचपट. सिल्व्हर या पहिल्या पायरीला १०० एक्सपी, तिथून गोल्डला आणखी १८०, तिथून प्लॅटिनमला आणखी ३००. डेल्टा या अमेरिकी भागीदार कंपनीच्या विमानाने गेलात तरी हेच पट्टे लागू होतात.

पट्ट्यांच्या हद्दीकडे मात्र नीट लक्ष द्या. पॅरिसहून न्यूयॉर्क ३,६०० मैलांच्या थोडं वर, म्हणून १० एक्सपी. पॅरिसहून बॉस्टन साडेतीन हजारांच्या आत, म्हणून ८. प्रवासात तासाभराचाही फरक पडत नाही, पण बिझनेसच्या तिकिटावर तोच फरक ३० विरुद्ध २४ असा होतो आणि जाऊन-येऊन १२ एक्सपी हातचे जातात.

आता मुंबई–न्यूयॉर्क फेरीचा हिशेब मांडू. युरोपात विमान बदलायचं, म्हणजे एका फेरीत चार टप्पे. माइल्स अँड मोअरमध्ये इकॉनॉमीच्या फेरीला ६० पॉइंट, प्रीमियमला ८०, बिझनेसला २००. ६५० गाठायला इकॉनॉमीच्या अकरा फेऱ्या लागतात. प्रीमियमच्या आठ फेऱ्यांना ६४० होतात आणि दहा पॉइंटसाठी अडतं. अशा वेळी वर्ष संपायच्या आत युरोपातली एखादी छोटी फेरी, फ्रँकफर्ट–व्हिएन्नासारखी, करून ५ आणि ५ मिळवता येतात. बिझनेसच्या चार फेऱ्यांत काम होतं.

फ्लाइंग ब्लूमध्ये त्याच प्रवासाला इकॉनॉमीत ४० एक्सपी, प्रीमियममध्ये ८०, बिझनेसमध्ये १२०. सिल्व्हर इकॉनॉमीच्या तिसऱ्या फेरीत, प्रीमियमच्या दुसऱ्या, बिझनेसच्या पहिल्याच. गोल्ड अनुक्रमे सातव्या, चौथ्या आणि तिसऱ्या फेरीत. सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्यांचं आणखी बरं आहे. ॲमस्टरडॅमहून पुढचा टप्पा पाच हजार मैलांच्या वर जातो, त्यामुळे इकॉनॉमीची फेरी ४४ ची आणि बिझनेसची १३२ ची होते.

सिल्व्हर आणि फ्रिक्वेंट ट्रॅव्हलर यांना एका तागडीत तोलणं मात्र बरोबर नाही. फ्रिक्वेंट ट्रॅव्हलरला लुफ्तान्साच्या बिझनेस लाउंजमध्ये एकट्याला का होईना, जाता येतं. फ्लाइंग ब्लूच्या सिल्व्हरला लाउंज नाही. एअर फ्रान्स आणि केएलएमवर एक जादा बॅग आणि रांगेत पुढचा नंबर एवढंच. लाउंज गोल्डपासून, पण मग सोबत एक पाहुणाही नेता येतो. घरून निघताना लोणच्या-पापडांची तिसरी बॅग ठरलेलीच असेल तर सिल्व्हरही कामाचा. लाउंजच हवा असेल तर तुलना फ्रिक्वेंट ट्रॅव्हलर आणि गोल्डची करा. तीत बिझनेसवाल्यांना चार फेऱ्या विरुद्ध तीन, इकॉनॉमीवाल्यांना अकरा विरुद्ध सात.

फेऱ्यांच्या आकड्यांवर वाद घालता येईल. माझ्यापुरता निकाल लावला तो ३१ डिसेंबरने.

माइल्स अँड मोअरचं वर्ष कॅलेंडरचं असतं. १ जानेवारीला मोजणी शून्यावर येते, आदल्या वर्षी ६४५ जमले असले तरी. ज्या दिवशी टप्पा उडतो त्या दिवशीच्या वर्षात त्याचे पॉइंट पडतात. आता आपल्या लोकांच्या सुट्ट्या बघा. ऑफिस बंद नाताळात, मुलांच्या शाळा बंद नाताळात, घरची लग्नं त्याच सुमारास. विसाव्या-बाविसाव्या तारखेला निघायचं आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परतायचं. तिकीट एक, फेरी एक, पण पॉइंट दोन वर्षांत चिरलेले.

कागदावर मांडून बघा. वर्षभरात कामाच्या तीन बिझनेस फेऱ्या झाल्या: ६०० पॉइंट. डिसेंबरात घरच्या पैशाने इकॉनॉमीची चौथी फेरी: ६०. बेरीज ६६०, कार्ड पक्कं वाटतं. प्रत्यक्षात जातानाचे दोन टप्पे डिसेंबरात, ३०. येतानाचे दोन जानेवारीत, ३०. वर्ष संपलं तेव्हा खात्यावर ६३०, म्हणजे वीस कमी. ते ६३० गेले आणि नवीन वर्ष परतीच्या ३० वर सुरू झालं. त्यात मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. ३१ डिसेंबरला रात्री जेवून घरातून निघालात तरी तिकिटावर तारीख १ जानेवारीची. हा प्रवास आपण जुन्या वर्षात धरतो, खातं नव्या वर्षात धरतं.

फ्लाइंग ब्लूमध्ये प्रत्येकाचं वर्ष वेगळं. पायरी चढलात त्या दिवसापासून पुढचे बारा महिने मोजले जातात. पायरीचे एक्सपी वजा होतात आणि वरचे शिल्लक राहतात. वरच्याच तीन बिझनेस फेऱ्या इथे न्यूयॉर्कच्या धरून बघा. पहिल्या फेरीच्या शेवटच्या टप्प्यावर १२० होतात: सिल्व्हर मिळाला, २० शिल्लक. दुसरी फेरी संपेपर्यंत १४०. तिसऱ्या फेरीत न्यूयॉर्कला उतरेपर्यंत २००: गोल्ड मिळाला, पुन्हा २० शिल्लक. एक्सपी खात्यावर पडायला एखाद-दुसरा दिवस लागला, तरी परतीच्या प्रवासात हातात गोल्ड असतो. येतानाचे ६० धरून शिल्लक ८०. नाताळच्या इकॉनॉमी फेरीचे ४० त्यात मिळवले की १२०. मध्ये ३१ डिसेंबर येतो आणि जातो, आकड्याला धक्का लागत नाही.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे अर्धवट राहिलेलं वर्षही वाया जात नाही. सिल्व्हरच्या बारा महिन्यांत १७० जमले आणि गोल्ड दहाने हुकला, असं समजा. १०० मध्ये सिल्व्हरचं नूतनीकरण होतं आणि ७० पुढच्या वर्षात येतात. नूतनीकरणापुरतेही एक्सपी जमले नाहीत तर एकच पायरी खाली उतरता. दर वर्षी सारखा प्रवास होत नाही, एखादं वर्ष आजारपणात किंवा प्रोजेक्ट बदलण्यात जातं. अशांसाठी हा नियम फार माणुसकीचा आहे, आणि तराजू मला तरी इथेच झुकलेला दिसतो.

खोट फ्लाइंग ब्लूतही आहे. सगळ्यात खालच्या, एक्सप्लोरर पायरीवर बारा महिन्यांत १०० झाले नाहीत तर तिथेही शून्य. वर्षाकाठी इकॉनॉमीची एकच फेरी करणाऱ्याला म्हणून दोन्हीकडे काही मिळत नाही. त्याने स्टेटसचा विचार सोडून स्वस्त आणि सोयीचं तिकीट घ्यावं. दुसरी खोट भारतातली. एअर फ्रान्स, केएलएम ज्या स्कायटीम गटात आहेत त्यात भारतीय कंपनी नाही, स्टार अलायन्समध्ये एअर इंडिया आहे. नागपूर किंवा गोव्याहून एअर इंडियाने दिल्लीला जाऊन पुढे जाणाऱ्याला, किंवा महिन्यातून दोनदा देशातच फिरणाऱ्याला, माइल्स अँड मोअरचं कार्ड इथेही उपयोगी पडू शकतं. फ्लाइंग ब्लूचा गोल्ड देशांतर्गत विमानावर नुसता खिशात राहतो.

लंडनमार्गे जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून स्टेटस खर्चावर नेलं: भाडं आणि कंपनीचे अधिभार धरून एका पौंडाला एक टियर पॉइंट (म्हणजे त्यांचा स्टेटसचा पॉइंट), सरकारी कर वगळून. ब्रॉन्झ ३,५००, सिल्व्हर ७,५००, गोल्ड २०,०००. ऑफिस तीन हजार पौंडांचं बिझनेस तिकीट काढत असेल तर तिसऱ्या फेरीत सिल्व्हर येतो आणि त्याला लाउंज आहे. स्वतःच्या पैशाने सहाशे पौंडांचं तिकीट शोधणाऱ्याला त्यासाठी निदान तेरा फेऱ्या. जितकं स्वस्त तिकीट मिळवाल तितके पॉइंट कमी, म्हणून काटकसरीने प्रवास करणाऱ्याला मी तिकडे पाठवणार नाही.

कुठेही खातं उघडलंत तरी पॉइंट बुडतात ते बहुधा नावामुळे. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, तिकिटावर ती दोन्ही चिकटून छापली जातात, आणि खात्यात मात्र आपण नुसतं स्वतःचं नाव भरलेलं असतं. मग नावं जुळत नाहीत आणि टप्पा खात्यावर येत नाही. खातं पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर भरा. लग्नानंतर पासपोर्ट बदलला असेल तर तिकीट काढायच्या आधी खात्यातलं नाव बदलून घ्या. एजंटाच्या साइटवर भरलेला मेंबर नंबर कधीकधी कंपनीपर्यंत पोचतच नाही. बोर्डिंग पास हातात आला की त्यावर नंबर छापलाय का बघा. नसेल तर काउंटरवरच घालून घ्या. सगळे टप्पे खात्यावर दिसेपर्यंत बोर्डिंग पास टाकू नका, आणि एखादा टप्पा राहिला तर सहा महिन्यांच्या आत मागणी नोंदवा.

विमान रद्द होऊन दुसऱ्याच कंपनीच्या विमानात बसवलं, तर पॉइंट आपोआप पडत नाहीत. मूळ तिकीट, त्याची पावती आणि नवा बोर्डिंग पास जोडून ‘मूळ मार्गाप्रमाणे पॉइंट द्या’ असं लेखी मागावं लागतं. माइल्स देऊन वरच्या वर्गात गेलात तर पॉइंट मूळ वर्गाचेच धरा. आणि घरच्यांचं एकत्र खातं केलंत तर फ्लाइंग ब्लूमध्ये माइल्स एकत्र होतात, एक्सपी नाहीत. ज्याने प्रवास केला त्याचेच ते राहतात.

माइल्स अँड मोअरमध्ये यंदा सहाशेच्या पुढे गेला असाल तर आत्ताच पाठ फिरवू नका. परतीची तारीख डिसेंबरात बसते का बघा, नाहीतर युरोपातली एखादी छोटी फेरी जोडा, आणि कार्ड पदरात पाडून घ्या. फ्लाइंग ब्लूचा नंबर त्यानंतरच्या फेरीपासून घालायला लागा.