कलम 47 चं अपील आणि आमचे 1,85,000 रुपये

आधीच सांगतो, मी 31 वर्षं बँकेत काढली आहेत. सही जुळत नाही म्हणून भल्याभल्यांचे चेक परत पाठवलेत. तरीही सोसायटीचे 1,85,000 रुपये एका भामट्याच्या घशात घातले, तेही सेक्रेटरी म्हणून, स्वतःच्या हाताने.

शेजारच्या प्लॉटला महापालिकेने दिलेली बांधकाम परवानगी आम्हाला खटकत होती. टेप लावून मोजला तर रस्ता 6 मीटर, मंजूर नकाशात 9. रस्ता रुंद दाखवला की एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण, वाढतो, हे आता शेंबडं पोरही सांगेल. नगररचना विभागात चार चकरा मारल्या. दरवेळी साहेब साइटवर. तिथल्याच जिन्यात हा गृहस्थ भेटला. काखेत फायली, शिपायापासून सगळ्यांना नावानिशी हाक. कार्डावर ‘विधी व नगररचना सल्लागार’. वकील असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. सनद नंबर, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, मी विचारला नाही, त्याने वकालतनाम्यावर सही मागितली नाही. तुम्ही विचारा.

पहिले 15,000 ‘आतली फाइल काढायला’. हीच फाइल माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर आणि झेरॉक्सच्या खर्चात निघते. मला ते ठाऊक होतं. 30 दिवस थांबायचा धीर नव्हता. मग एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम 47 खाली मंत्रालयात अपील करायला 60,000, सोसायटीच्या चेकने. मग ‘स्टे’साठी, म्हणजे बांधकाम थांबवायच्या आदेशासाठी, 1,10,000 रोख. बावीस फ्लॅट, प्रत्येकी 5,000. मीच दारोदार फिरून गोळा केले.

आता हे नीट वाचा. एमआरटीपी कायद्याच्या कलम 47 चं अपील फक्त अर्जदाराला करता येतं, म्हणजे ज्याने परवानगी मागितली त्याला, आदेश कळल्यापासून 40 दिवसांत. शेजाऱ्याला तो दरवाजाच नाही. आम्ही 60,000 मोजले ते भिंतीवर रंगवलेल्या दरवाजासाठी. मी ते कलम वाचलं कधी? पैसे गेल्यावर.

आणि तो दिवस. स्टेच्या आदेशाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. मी प्रिंट काढून अध्यक्षबाईंकडे नेली. काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “अहो, हा गट नंबर त्या प्लॉटचा नाही. तालुकाही दुसराच आहे.” मी हसलो. हो, हसलो! “काकू, सरकारी टायपिंग आहे, चालायचंच.” एखाद्या चेकवर असं काही दिसलं असतं तर मी कॅशियरला फाडून खाल्लं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काँक्रीटचा पंप लागला, संध्याकाळपर्यंत स्लॅब पडला. फोन केला तर म्हणाला, “आदेश अजून बजावला गेला नाही, साहेब.” हेच वाक्य मी तीन आठवडे बावीस घरांत ऐकवत होतो. घरात तेव्हा आजारपण होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. पण काकूंचं होतं ना.

नंतर त्याचा फोन बंद.

पोलीस ठाण्यात तीन तास बाकावर बसवलं आणि सांगितलं, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. खोटा सरकारी आदेश दिवाणी? “रोख दिल्याची पावती आहे का?” नाही. “मग?” शेवटी एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून वाटेला लावलं. वरिष्ठांकडे लेखी अर्ज दिला, तो फिरून त्याच ठाण्यात, त्याच टेबलावर. बार कौन्सिलकडे विचारलं, तर तो वकीलच नाही, आमचा संबंध नाही. लोकशाही दिनाला, म्हणजे सरकारी अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवशी, गेलो, टोकन घेतलं, दीड वाजता नंबर लागला, अर्ज महापालिकेकडे वर्ग. महापालिकेत काय? ज्यांनी 6 चे 9 मीटर मंजूर केले तेच साहेब, आता मात्र साइटवर नव्हते. म्हणाले, काम बरंच पुढे गेलंय, एमआरटीपीच्या कलम 51 खाली परवानगी आता मागे घेता येत नाही. कायद्यात तसं आहेच, आणि म्हणूनच तर हे सात महिने गेले त्याचा मला जास्त जाळ होतो. खोटी माहिती देऊन मिळवलेली परवानगी आयुक्त महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 258 खाली रद्द करू शकतात, असं मी म्हटलं. “अर्ज द्या, बघू.” दिला. पोच आहे, उत्तर नाही.

आता खरी वकीलबाई गाठली आहे. उच्च न्यायालयात रिट याचिका होऊ शकते, पण पहिला प्रश्न ‘इतका उशीर का’ हाच येणार, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. कोणी केस दाखल केली म्हणाला की नंबर घेऊन त्याच्यासमोरच कोर्टाच्या वेबसाइटवर टाका. रोख देऊ नका. चाळीस दिवस, नव्वद दिवस असले आकडे कोणी फेकले तर कलम उघडून दाखवायला लावा.

प्रत्येकाचे 5,000 मी माझी एफडी मोडून परत करतोय. अठरा जणांनी घेतले. चौघांनी दार उघडलं, पाकीट बघितलं आणि “राहू द्या हो” म्हणाले. ते जास्त लागलं. गेल्या मंगळवारी पलीकडे पाचवा स्लॅब पडला. आमच्या स्वयंपाकघरात आता सकाळीही दिवा लावावा लागतो.