नजर अधू झाल्यावरचं विणकाम : दिवाळीपासूनच्या वापराचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग तपशील. उतारवयात, डोळ्यांच्या पडद्याचा आजार असतानाही विणकाम पुन्हा सुरू करता येतं. त्यासाठी घेतलेल्या वस्तूंपैकी बांबूची गोल सुई आणि गळ्यात घालायचा दिवा यांचे पैसे पुरते वसूल झाले. गळ्यात अडकवायचं मोठं भिंग मात्र बहुतेक वेळ पडून असतं. आणि सगळ्यांत जास्त फरक पडला तो लोकर बदलल्याने.

मी परभणीची, वय ७२. तरुणपणी घरातल्या सगळ्या लेकरांचे स्वेटर माझ्या हातचे असायचे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघालेत, पण त्यानंतर मॅक्युलाचा वयोमानाने होणारा ऱ्हास निघाला, कोरड्या प्रकारचा. डोळ्याच्या पडद्याचा जो मधला भाग बारीक पाहण्याचं काम करतो, तोच यात झिजतो. कडेची नजर राहते. दारात बाई उभी आहे हे मला दिसतं, तिचा चेहरा दिसत नाही. तसंच टाक्याचं. रोखून पाहिलं की टाका नाहीसा होतो आणि नजर जराशी वर किंवा बाजूला नेली की परत दिसतो. हे बाजूने पाहणं शिकता येतं. सुरुवातीला मान अवघडते, मग सवय होते.

"आता कशाला डोळे फोडून घ्यायलीस गं? हिवाळ्यात तिबेटी लोकांकडं स्वेटर मिळतेत की," असं आक्का म्हणाली, आणि ही भीती आपल्याकडे घरोघर आहे. म्हणून डॉक्टरांना स्पष्टच विचारलं. बारीक कामाने हा आजार वाढत नाही, डोळा वापरल्याने संपत नाही, असं त्यांनी सांगितलं. थकवा येईल, पाणी येईल, तेव्हा थांबायचं. त्यांनी एक काळजी मात्र घ्यायला लावली. चौकटींचा एक तक्ता असतो, ॲम्सलर तक्ता म्हणतात. एकेक डोळा झाकून तो पाहायचा. सरळ रेघा एकदम वाकड्या दिसू लागल्या किंवा मध्ये नवा डाग आला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, कारण कोरड्याचा ओला प्रकार झाला तर डोळ्यात इंजेक्शनं घेऊन नजर सांभाळता येते, आणि त्यात उशीर महागात पडतो. माझा तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवलेला आहे. विणायला बसणाऱ्या प्रत्येक म्हातारीने, आणि म्हाताऱ्यानेही, हे करावंच असं मला कळकळीने वाटतं.

आता लोकर. आपण लोकर म्हणतो त्यातली बाजारात मिळणारी बरीचशी ॲक्रिलिकच असते. तिला नावं ठेवायचं कारण नाही, धुवायला सोपी आणि अंगाला टोचत नाही. पण लोकर घेताना रंग आणि नक्षी बघायची जुनी सवय सोडावी लागली. आता मी आधी दोरा बोटांत धरून चोळून बघते. घट्ट पिळाचा, गोल, गुळगुळीत आणि जाडसर दोरा असला तर प्रत्येक टाका बोटाखाली स्वतंत्र कळतो. सैल पिळाच्या दोऱ्यात सुईचं टोक पदरांच्या मधून घुसतं आणि ते डोळ्यांनी दिसेपर्यंत दोन ओळी पुढे गेलेल्या असतात. केसाळ, पिसांसारखी लोकर तर अजिबात घेऊ नका. दिसायला फार गोड असते, पण तिच्यात टाका हाताला लागतच नाही आणि उसवायला गेलं की गुंता होतो.

रंग फिका घ्या. लिंबू, मोतिया, फिका गुलाबी, आकाशी. काळा, नेव्ही ब्लू, मरून हे रंग मी सोडून दिलेत. फिक्या लोकरीखाली मांडीवर गडद, एकरंगी कापड अंथरते. नक्षीच्या साडीवर टाके हरवतात. एवढ्या एका कापडाने जेवढी सोय झाली तेवढी महागड्या वस्तूंनीही झाली नाही.

आमच्याकडच्या दुकानांत लोकर दिवाळीच्या आसपास दिसते आणि होळी झाली की गायब होते, तेव्हा लागेल ती हिवाळ्यातच भरून ठेवावी. एकाच रंगाचे गुंडे घेताना वेष्टनावरचा लॉट नंबर कुणाकडून तरी वाचून घ्या. तोच रंग वेगळ्या लॉटचा असला तर फरक आपल्याला दिसणार नाही, घालणाऱ्याला दिसेल.

सुयांबद्दल. जुन्या ॲल्युमिनियमच्या लांब सुया माझ्याकडे अजून आहेत आणि त्यांच्यावर माझा जीव आहे. तरी त्या आता वापरत नाही. त्यांच्यावरून दिव्याचा उजेड चमकतो, आणि गुळगुळीत असल्याने टाका कधी निसटला ते कळत नाही. बांबूची सुई लोकर किंचित धरून ठेवते. गोल सुई, म्हणजे मधल्या तारेने जोडलेल्या दोन आखूड सुया, अशासाठी की हात थांबला तरी टाके तारेवर सरकून बसतात. विणलेल्या कापडाचं वजनही मनगटांवर न येता मांडीवर येतं. माझ्या अंगठ्यांच्या सांध्यांना याने मोठा आराम मिळाला. तार नवी असताना वेटोळी राहते, ती गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून ओढली की सरळ होते.

मागवताना नंबरावर जाऊ नका, मिलिमीटर बघा. आपल्या जुन्या सुयांवर ब्रिटिश नंबर असतात, आणि त्यांत नंबर वाढला की सुई बारीक होते. १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, ८ म्हणजे ४, ६ म्हणजे ५. अमेरिकी नंबर उलटे चालतात. त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. पूर्वी मी १० नंबरवर विणायचे, आता ५ मिलिमीटरच्या खाली उतरत नाही.

दिवा गळ्यात हारासारखा बसतो आणि त्याच्या दोन लवचिक दांड्या हव्या तशा वळवता येतात. हजाराच्या आत मिळाला. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, कारण बाहुली लहान झालेली असते आणि डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळटलेलं असतं. माझं ते भिंग मोतीबिंदू काढताना बदललेलं आहे, तरीही उजेड मला भरपूर लागतो. छताची ट्यूबलाइट कितीही चांगली असली तरी आपल्याच डोक्याची सावली हातावर पडते, या दिव्याने ती पडत नाही. पिवळा आणि पांढरा असे दोन्ही उजेड आहेत. पिवळट उजेडात माझे डोळे कमी चुरचुरतात. वीज गेली तरी काम थांबत नाही, हे परभणीत किती महत्त्वाचं आहे ते सांगायला नको. तक्रारी दोन. एप्रिल-मेमध्ये मानेवरचं रबर घामाने चिकटतं, तेव्हा मी खाली सुती रुमाल घेते. आणि बॅटरी बदलता येत नाही, म्हणजे ती संपली की दिवाच टाकून द्यायचा. हे मला पटलेलं नाही.

भिंगाचं थोडक्यात. दोरीने गळ्यात लटकतं आणि खालची कड छातीवर टेकते. श्वासाबरोबर हलतं, आणि ते ठरावीक अंतरावर धरावं लागत असल्याने हात आखडून विणावं लागतं. निसटलेला टाका उचलताना तेवढं कामाचं आहे. वापर झाला की झाकून ठेवा. उन्हात उघड्या राहिलेल्या भिंगाने कापड पेट घेऊ शकतं, आणि आपल्याकडच्या उन्हात तर खिडकीपाशी ठेवूच नका.

बिनपैशाच्या युक्त्याही सांगते. दर दहा टाक्यांवर सुईत दोऱ्याचा छोटा फास अडकवते, म्हणजे टाके मोजायला नजर लागत नाही. ओळी मोजायला दोन वाट्या आणि चिंचोके, एक सुई झाली की एक चिंचोका पलीकडे. सुलट-उलट ओळखायला बोट पुरतं. सुलट टाका सपाट लागतो, उलट्याची गाठ उंच लागते. मुख्य म्हणजे आधाराचा दोरा. दर दहा-बारा ओळींनी दाभणात गुळगुळीत गडद दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून पार करायचा आणि तसाच ठेवून पुढे विणायचं. पुढे काही बिघडलं तर तिथपर्यंत निर्धास्त उसवता येतं, सगळे टाके त्या दोऱ्यावर शाबूत मिळतात. नजर गेल्यावर विणकाम सुटतं ते बऱ्याचदा टाका पडण्याच्या धास्तीने. या दोऱ्याने माझी ती धास्ती गेली. नमुना नातवाने फोनमध्ये माझ्याच आवाजात भरून दिलाय, एकेका ओळीनंतर थांबवून ऐकते.

डिसेंबरात इथला पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे टोपरी आणि मोज्यांना मागणी असते. बाळंतिणीच्या घरी देताना मी एक गोष्ट बजावून सांगते. शेक-शेगडीच्या वेळी ॲक्रिलिकचं टोपरं बाळाच्या डोक्यावरून काढून ठेवायचं. ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. तेवढ्या वेळापुरती सुती कुंची घालावी.

हे सगळं नजर मधून गेलेल्यांसाठी लिहिलंय. काचबिंदूत नजर साधारणपणे कडांनी जाते आणि मधला छोटा तुकडा उरतो. अशांना मोठ्या भिंगाची उलट अडचण होऊ शकते, कारण वस्तू मोठी झाली की त्या तुकड्यात मावतच नाही. त्यांनी दिवा, दोऱ्याचे फास आणि आधाराचा दोरा यांवर सुरुवात करावी, आणि भिंग घ्यायचंच असेल तर दुकानात हातात सुया धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.