नुसती ट्यूब चेसिस समोर आहे: इंजिन मोटरसायकलचं बसवायचं की कारचं?

बग्गी म्हणजे वाळू-चिखलात चालवायची हलकी, उघडी गाडी. तिची पाइप वेल्ड करून केलेली उघडी चेसिस, म्हणजे सांगाडा, उभी राहिली की बहुतेक जण आधी विचारतात, पॉवर किती मिळेल? माझ्या मते आधी बघायला हवं ते इंजिनासोबत काय काय येतं. गिअरबॉक्स, डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकं वेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग), रिव्हर्स, चाकांपर्यंतचे ड्राइव्ह शाफ्ट. यातलं जे सोबत येत नाही ते स्वतः जुळवावं लागतं, आणि काम रेंगाळतं ते तिथेच.

मोटरसायकलच्या इंजिनाची खरी जमेची बाजू वजन. 600 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन गिअरबॉक्स धरून साधारण 60 ते 65 किलोचं असतं आणि 100 हॉर्सपॉवर सहज देतं. गिअर एकाच लिव्हरने पुढे-मागे झटकन पडतात. एकट्याने चालवायच्या हलक्या बग्गीत, मोकळ्या वाळूवर, याला तोड नाही.

पण ती पॉवर 12,000 आरपीएमच्या आसपास आहे. चिखलातून किंवा दगडांवरून सावकाश चढायला खालच्या आरपीएमवर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो, तो इथे कमी. दोनशे किलोच्या बाइकसाठी घडवलेला क्लच दुप्पट-तिप्पट वजन ओढताना तापतो आणि घसरायला लागतो. बाइकच्या मागच्या टायरचा व्यास सुमारे 25 इंच, बग्गीचाही बहुधा तेवढाच किंवा थोडा जास्त. वजन मात्र कितीतरी अधिक, म्हणून मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, मोठं घ्यावं लागतं. ते फार मोठं झालं की खाली दगडांना लागतं. मग मध्ये जॅकशाफ्ट, म्हणजे एक जादा शाफ्ट, घालून वेग दोन टप्प्यांत कमी करायचा, म्हणजे आणखी बेअरिंग, आणखी चेन आणि अलाइनमेंटची आणखी एक जागा.

याहून गंभीर गोष्ट ऑइलची, आणि तिचा विचार फार कमी जण करतात. बाइक वळणावर कलते, त्यामुळे ऑइल चेंबरच्या तळाशीच दाबलेलं राहतं. बग्गी तशी कलत नाही. लांब वळणात ऑइल एका कडेला चढतं, ऑइल खेचणारा पिकअप पाइप हवा ओढतो आणि क्रँकची बेअरिंग खराब होतात. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या, म्हणजे बॅफल, बसवल्याशिवाय हे इंजिन बग्गीत सुरूही करू नये असं माझं ठाम मत आहे. शिवाय रिव्हर्स बहुधा नसतोच. मागचा एक्सल डिफरन्शियलशिवाय सलग ठेवला तर चिखलात पकड छान मिळते, पण कडक जमिनीवर वळताना गाडीचं नाक सरळच जाऊ पाहतं.

आता फ्रंट-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या, कारचं इंजिन. वजन बाइकच्या इंजिनाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त, पण एकाच गाठोड्यात गिअरबॉक्स, डिफरन्शियल, रिव्हर्स आणि सीव्ही जॉइंटसह (कोनात वाकूनही फिरणारे सांधे) शाफ्ट मिळतात. ते आहे त्याच दिशेने सीटच्या मागे सरकवायचं. जागा वाचवायला उलटं फिरवलंत तर पुढे जायला एकच गिअर आणि मागे जायला पाच, अशी गाडी तयार होईल.

त्या कारचे पुढचे नकल, म्हणजे चाक धरणारे, स्टिअरिंगने वळणारे भाग, मागे वापरताना स्टिअरिंगचा टाय रॉड चेसिसला पक्का बांधावा लागतो. त्याची लांबी आणि आतल्या पिव्हटची जागा खालच्या आर्मशी जुळायला हवी. नाहीतर सस्पेन्शन वर-खाली होताना मागची चाकं आपसूक वळतात. टायरचाही हिशेब करा. छोट्या कारचा 23 इंची टायर काढून 27 इंची लावला तर प्रत्येक गिअर सुमारे 17 टक्के लांब होतो, म्हणून पहिल्या गिअरची ओढ कमी वाटते. इंजिन फ्युएल इंजेक्शनचं असेल तर वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), चावी आणि इमोबिलायझर (योग्य चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारा भाग) एकाच गाडीतून घ्या. अर्धं वायरिंग कापून आणलेलं इंजिन स्वस्तात मिळालं तरी नको.

फोक्सवॅगन बीटल कारचं एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारं, इंजिन हा तिसरा जुना मार्ग. 1964 मध्ये अमेरिकेतल्या ब्रूस मायर्सने मँक्स नावाची बग्गी याच भागांवर उभी केली, आणि 1967 ची पहिली मेक्सिकन 1000 ही ऑफ-रोड शर्यत मँक्सनेच जिंकली. रेडिएटरची कटकट नाही, ट्रान्सअ‍ॅक्सल, म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकत्र, मुळातच मागे. चांगला, न उघडलेला सेट मिळत असेल तर जरूर घ्या.

पहिलीच बग्गी असेल आणि दोघांनी बसायचं असेल, तर मी बिनदिक्कत कारचं इंजिन सांगेन. जास्तीचं वजन सस्पेन्शन सांभाळून घेतं. बाइकचं इंजिन घ्या, पण तुमच्याकडे लेथची सोय असेल, गाडी एकाच सीटची असेल आणि चालवायची जागा मोकळी असेल तर.

कुठलंही घ्या, इंजिनाचे माउंट, म्हणजे ते टेकवायचे आधार, आधी फक्त टॅक करा, म्हणजे ठिपक्यांएवढा वेल्ड मारा. चाकं लावून सस्पेन्शन पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन सीव्ही जॉइंटचा कोन किंवा चेनचा ताण तपासा. सीट आणि इंजिन यांच्यामध्ये पत्र्याच्या फायरवॉलला जागा उरते का तेही बघा. मगच पूर्ण वेल्ड मारा, आणि त्याआधी बॅटरीचे टर्मिनल व ईसीयूचा कनेक्टर काढून ठेवा.