एअरमार पी७९: बुडाला भोक न पाडता खोली मोजा

मुंबई बंदरात शिडाची बोट चालवायची तर खाली पाणी किती हे कळायलाच हवं. उधाणाच्या ओहोटीला ते भराभर उतरतं आणि खाली नुसता चिखल. तरी चांगल्या बुडाला भोक पाडायला माझा ठाम विरोध. म्हणून हा एअरमार पी७९ ट्रान्सड्यूसर, म्हणजे बुडाच्या आतूनच खाली ध्वनिलहर सोडून तिच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं उपकरण, घेतला, आणि मी बेहद्द खूश आहे.

बैठक बुडाला आतून चिकटवायची, तिच्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल (ध्वनिलहर पुढे नेणारा द्रव) भरायचं आणि वर ट्रान्सड्यूसर फिरवून बसवायचा. बूड २२ अंशांपर्यंत तिरकं असलं तरी तो सरळ खाली रोखता येतो. जागा मात्र आधी तपासा: बोट पाण्यात असताना ट्रान्सड्यूसर पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बुडावर दाबा. आकडा स्थिर राहिला की जागा पक्की. माझ्या बोटीत ती कीलच्या (बुडाखालच्या उभ्या पात्याच्या) पुढे, बाकाखाली सापडली. तिथला रंग घासून नुसतं फायबर उघडं केलं, कारण मध्ये हवेचे बुडबुडे राहिले तर ध्वनिलहर तिथेच अडते.

मध्ये फोम किंवा बाल्सा (हलकं लाकूड) भरलेलं बूड असेल तर हा नको, भरीव फायबरग्लासच हवं. समुद्राचं तापमानही कळत नाही. लहर बुडातून दोनदा जाते, त्यामुळे थोडी क्षीण होते. आपल्या उथळ बंदरात त्यानं काही बिघडत नाही. आणि बाहेर काहीच नसल्यानं त्यावरची शेवाळ खरवडत बसावं लागत नाही!